सीतादही आणि शेजारची तार

गेल्या वर्षी सीतादहीला मायला गावी न्यायचं की नाही, यावरून माझं आणि धाकट्या भावाचं फोनवर चांगलंच वाजलं.

कापसाची पहिली वेचणी सुरू करण्याआधी आमच्याकडे वावरात जी पूजा करतात तिला सीतादही म्हणतात. घरची बाई दहीभात घेऊन वावरात जाते, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, एका चांगल्या झाडाखाली धुतलेले दगड मांडते, हळदीकुंकू वाहते, दहीभात चारी दिशांना टाकते, सगळ्या वेचणाऱ्या बायांच्या हातावर ठेवते, आणि मग पहिलं बोंड वेचलं जातं. माझं लग्न होऊन मी यवतमाळला आले त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्या वावरात ही पूजा मायच करत आली होती. वहिनी घरात आल्यावरही तो मान मायकडेच राहिला. पण आता माय माझ्याकडे, लोहाऱ्याच्या बाजूला आमच्या घरी राहत होती, कारण तिला विसरायला होत होतं आणि दवाखाना जवळ हवा होता.

विसरायला होतं, हे आम्ही लोकांना सांगायचो. खरं म्हणजे तिची सालं इकडची तिकडं झाली होती. कधी ती मला मोठी बहीण समजायची, कधी घरमालकीण. एकदा भरदुपारी फाटक उघडून निघून गेली, ती एमआयडीसीच्या रस्त्यावर पाळी सुटलेल्या बायांमध्ये बसलेली सापडली. तेव्हापासून दाराला वरच्या अंगाला दुसरी कडी लावली होती. स्वयंपाक करताना माझा एक कान सतत त्या कडीकडे असायचा.

"तिले अथी आणू नको म्हणतं तू? ताई, तिनं जन्मभर सीतादही केली," भाऊ फोनवर म्हणाला.

"अरे, वावरात दार असते का? कडी असते का?"

"आम्ही एवढे जण राहू. कुठी जाईन ते?"

मी शेवटी हो म्हटलं. यवतमाळहून नेरच्या एसटीत बसलो तेव्हा माय खिडकीशी बसली आणि पिशवी पोटाशी धरून बाहेर बघत राहिली. कपाशी फुटायला लागली होती. मधूनमधून ती बोलायची, "पऱ्हाटी बरी आहे इकडं," नाहीतर "इकडं पाणी जास्त झालं, पाती गळली." तिचं बरोबरच असायचं. मला बरं वाटलं, आणि बरं वाटतंय म्हणून भीतीही वाटली. तिचा चांगला दिवस असला की आमचं लक्ष सैल पडायचं.

नेरच्या स्टँडवर भाऊ गावातल्या एकाचा ऑटो घेऊन आला होता. मायनं त्याला ओळखलं. त्याच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "वाळला रे माहा लेक." भाऊ माझ्याकडे बघून हसला. पाह्य, मी म्हणत नव्हतो का, असं त्या हसण्यात होतं.

आमचं वावर गावापासून जरा लांब, नाल्याच्या अलीकडे आहे. पऱ्हाटीच्या काही तासांनंतर, म्हणजे ओळींनंतर, तुरीचं एक तास, अशी पेरणी. तूर माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती आणि पिवळ्या फुलांवर आली होती. आत माणूस शिरलं की दिसेनासं होतं. वावराच्या मावळतीच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून दुसऱ्या एकाचं वावर आहे, गावातल्याच, आमच्या भावाच्याच वयाच्या माणसाचं. त्या धुऱ्यावर बांबूच्या खुंट्या ठोकून दोन तारा ओढलेल्या होत्या, एक घोट्याच्या वर, एक गुडघ्याशी.

"तिकडे कोणी जाऊ नका," भावानं आल्याआल्या सगळ्यांना सांगितलं. "डुकरासाठी करंट सोडते तो."

"झटका मशीन आहे ना?" मी विचारलं. झटका मशीनचा धक्का बसतो, पण माणूस मरत नाही, एवढं मला माहीत होतं.

"कायची मशीन! डायरेक लायन जोडली आहे. किती डाव सांगतलं त्याले. म्हणते, डुकरं सारी तूर लोळवतात, मी काय करू."

"आणि आता?"

"आता नाही. लायन आली का मग. या हप्त्यात शेतीची लायन दिवस बुडता बुडता येते."

मी मायकडे बघितलं. ती चप्पल काढून पऱ्हाटीच्या तासात उभी होती आणि पायाच्या बोटांनी माती उकरत होती.

सीतादही मायनंच केली. वहिनीनं दह्याचं भांडं तिच्या हातात दिलं आणि मागं उभी राहिली. मला वाटलं होतं की सांगावं लागेल, हे घे, आता हे कर. काहीच सांगावं लागलं नाही. तिनं झाड निवडलं, आम्ही दाखवलेलं नाही, दुसरंच, दोन तास पुढचं, खालपासून वरपर्यंत फुटलेलं. दगड पदरानं पुसले. हळदीकुंकू लावलं. दहीभाताचा घास उगवतीला टाकला, मग बाकीच्या दिशांना, आणि तोंडातल्या तोंडात काही म्हणत राहिली. वेचायला आलेल्या बाया तासाच्या तोंडाशी उभ्या होत्या. त्यात मायच्याच वयाची एक होती, लग्न होऊन दोघी एकाच वर्षी या गावात आल्या होत्या. आम्ही तिला मावशी म्हणतो. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"सारं आठवते व तिले," मावशी मला म्हणाली.

हातावर प्रसाद ठेवताना मात्र माय वहिनीपाशी थांबली. तिला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "तू कोणाची सून व?"

वहिनीचा चेहरा उतरला, पण तिनं लगेच सावरलं. "तुमचीच की जी, आत्याबाई," ती म्हणाली.

"माही? माहं तं आत्ताच लगीन झालं," माय म्हणाली आणि पुढच्या बाईकडे गेली.

वेचणी सुरू झाली. बायांनी कमरेला कापूस ठेवायचे ओटे बांधले आणि एकेक तास धरलं. दुपारी गावाकडच्या धुऱ्यावरच्या बाभळीखाली सतरंजी टाकून मी मायला निजवलं. भाकर, पिठलं, दहीभात पोटात गेल्यावर तिला गाढ झोप लागली. मी तिच्याशेजारी बसून सकाळी वेचलेल्या कापसातला पालापाचोळा काढत राहिले. मावशीचं तास बाभळीजवळून जात होतं. येताजाता ती वाकून मायकडे बघायची.

उन्हं कलल्यावर वहिनीनं दुसऱ्या टोकाला तीन दगडांवर चहा ठेवला आणि मला हाक मारली. धूर फार होत होता, लाकडं ओली होती. मी उठून गेले, वाकून फुंकर घातली, चहा उतरवला, कप भरले. दोन कप हातात घेऊन बाभळीकडे वळले.

सतरंजी रिकामी होती. तिच्या चपला तिथंच होत्या, शेजारी शेजारी.

आधी वाटलं, आडोशाला गेली असेल. झाडामागं बघितलं. तुरीच्या तासात डोकावले. कप खाली ठेवले. "माय?" अशी साधी हाक मारली, जरा मोठ्यानं, मग खूप मोठ्यानं. मावशी तिच्या तासातून उभी राहिली.

"आत्ता तं होती! मी त्या टोकापर्यंत गेली आणि वापस आली बस."

वावरात एवढ्या बाया होत्या, पण सगळ्यांचं अंग वाकलेलं, डोळे बोंडावर, आणि मध्ये तुरीच्या भिंती. भाऊ नाल्याकडच्या बाजूनं पळत आला. त्यानं सगळ्या बायांना थांबवलं, ओटे खाली टाकायला लावले, प्रत्येकीला एकेक तास दिलं. "आवाज देत जा, आणि तुरीत पाह्यत जा." सगळ्या एकदम हाका मारू लागल्या. आजी, आत्या, बुढीमाय, काकू. मी माय माय करत पळत होते. तुरीच्या फांद्या तोंडावर येत होत्या, फुलं केसांत अडकत होती. प्रत्येक वेळी फांदी बाजूला केली की पुढं ती पडलेली दिसेल असं वाटायचं, आणि न दिसल्यावर आणखी घाबरायला व्हायचं. त्या पट्ट्यात वाघ फिरत असल्याचं मध्यंतरी लोक बोलत होते. विहीर होती. नाल्याला अजून पाणी होतं. मी कशाकशाला भ्यावं, ते मला कळत नव्हतं.

आमचं वावर संपलं. ती नव्हती.

तेव्हा मावशी एकदम थांबली आणि म्हणाली, "बाप्पा, ते माहेरी तं नाही गेली?"

"माहेर कुठं आणि काय मावशी!"

"अवं, तू चहाले गेली तवा उठून बसलती थोडी. म्हणे, मले जायाचं आहे, बाबा वाट पाह्यत असतीन. मी म्हटलं झोप. झोपली." मावशीनं हात वर केला. "पहिले तिच्या माहेरची पायवाट तिकडूनच होती. आम्ही दोघी संगंच जावो नाल्यापर्यंत."

तिचा हात मावळतीच्या धुऱ्याकडे होता. तारेकडे.

भावाचा चेहरा मी त्या वेळी बघितला तो विसरणार नाही. त्यानं सूर्याकडे पाहिलं. सूर्य तुरीच्या शेंड्यांवर टेकायला आला होता. त्यानं शेजाऱ्याला फोन लावला. रिंग जात राहिली. पुन्हा लावला. मग गावात त्याच्या घरी लावला. त्याची बायको म्हणाली, ते नेरला गेले, यायच्या रस्त्यावर असतील, गाडीवर फोन उचलत नाहीत. त्यांच्या विहिरीवरच्या विजेच्या पेटीला कुलूप आहे आणि चावी त्यांच्याच खिशात आहे.

"मी डीपीवर जातो," भाऊ म्हणाला. "फ्यूजच काढतो. साऱ्याच वावरांची बंद होऊ दे." डीपी, शेतांना वीज देणारी ट्रान्सफॉर्मरची पेटी, नाल्याच्या पुलाजवळ, रस्त्याला होती. "ताई, तू धुऱ्यावर जा. पण तारेले हात लावू नोको. दिसली तरी लावू नोको. समजलं?"

मला समजलं, पण त्यानं माझा दंड धरून पुन्हा विचारलं. मग त्याची मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. वहिनी चार बायांना घेऊन नाल्याकडे गेली. मी आणि मावशी धुऱ्याकडे पळालो.

खालच्या तारेच्या एका गाठीला मायच्या लुगड्याचा हिरवा धागा लटकत होता.

म्हणजे ती इथूनच ओलांडून गेली होती. तार तेव्हा मेलेली होती म्हणून गेली. पलीकडे शेजाऱ्याची तूर आमच्यापेक्षाही दाट होती, आत अंधार झाल्यासारखा दिसत होता. मी तारेच्या अलीकडे उभी राहून ओरडले. मावशी ओरडली. काही उत्तर नाही. फक्त तुरीतून पाखरं उठली आणि पुन्हा बसली. मला तार ओलांडून आत जावंसं वाटत होतं. पाय उचलला आणि तसाच खाली ठेवला. लाईन आली आहे की नाही, हे तारेकडे बघून कसं कळणार? तारेचा रंग काही बदलत नाही.

"ते नाही ओ देणार," मावशी धापा टाकत म्हणाली. "माय, आजी म्हटलं तं तिले काय समजन? ते सध्या पोरगी आहे. माहेरी काय म्हणत तिले?"

मायचं एक माहेरचं नाव होतं. लाडाचं, लहानपणचं. फक्त माझा मामा ते घ्यायचा. तो गेला तेव्हापासून ते कुणी उच्चारलं नव्हतं. मी तर माझ्या आईला जन्मात कुठल्याच नावानं हाक मारली नव्हती. जिभेवर ते नाव येईना. मग आलं. मी दोन्ही हात तोंडाशी धरून ते नाव ओरडले, शेवट लांबवून, मामा अंगणातून ओरडायचा तसं.

तुरीच्या आतून आवाज आला, "ओ!"

बारीक, खुशीतला आवाज होता. मावशीनं मला घट्ट धरलं. मी पुन्हा हाक मारली. पुन्हा ओ आलं, जरा जवळून. तूर हलायला लागली. हिरवं लुगडं दिसलं, डोक्यावरचा पदर खाली आलेला, पांढरे केस मोकळे, हातात कसलातरी गवताचा जुडगा. ती हसत होती. हाकेला ओ देत ती सरळ आमच्याकडे चालत येत होती.

आणि त्याच वेळी कुठंतरी मागं, विहिरींच्या बाजूला, एक मोटर गुरगुरली. मग दुसरी. पाइपातून पाणी फुसफुसत आल्याचा आवाज आला.

लाईन आली होती.

मी काय ओरडले ते मला नीट आठवत नाही. थांब, थांब, माय थांब. ती थांबली नाही. उलट मी जितकं ओरडत होते तितकी ती भरभर येत होती, कारण मीच तिला बोलावत होते. मावशी हात हलवून, "नोको व, नोको येऊ!" म्हणत होती. मायनं तिलाही हात हलवून दाखवला. आमच्या दोघींत आणि तिच्यात थोडंच अंतर राहिलं होतं आणि मध्ये त्या दोन तारा, गुडघ्याएवढ्या. त्यांच्याकडे तिचं लक्षच नव्हतं.

तेव्हा माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो माझा नव्हता. जाड, दटावणारा होता. तिचं तेच माहेरचं नाव घेऊन मी म्हणाले, "तथीच बस! बस म्हणतो ना! एक पाऊल पुढं टाकलं तं पाह्यजो!"

माझी आई, जिनं मला वाढवलं, जिच्यापुढं मी कधी आवाज चढवला नव्हता, ती जागच्या जागी थबकली. तिचं हसू गेलं. तिनं खाली मान घातली आणि मातीत मांडी घालून बसली.

तारेपासून ती हातभरच लांब होती. तिच्या लुगड्याचा काठ तारेच्या अगदी जवळ पसरला होता. "पदर सावर," मी त्याच आवाजात म्हणाले. "सारा जवळ घे." तिनं घेतला. "मागं सरक." ती बसल्याबसल्या मागं सरकली, लहान पोर सरकतं तशी. "अजून." ती अजून सरकली.

मावशीनं खाली बसून डोळे मिटले. मी उभीच होते. बसले तर ती उठेल असं वाटत होतं.

"रागावले का?" मायनं विचारलं. ती वर बघत नव्हती.

"नाही रागावलो." बापासारखं बोलायला सुरुवात केली होती, तर मला आता दुसरं काही सुचत नव्हतं. "पण उठायचं नाही."

"मी रस्ता चुकली, बाबा. अथी तं मोठा आंबा होता. तो कोणी तोडला?"

"माहीत नाही."

"मले वाटलं, पलीकडं नाला लागन. लागलाच नाही. साऱ्या तुरीच तुरी." तिनं हातातलं गवत पुढं केलं. "हे म्या तुमच्यासाठी आणलं होतं. बैलाले."

तिचा हात तारेवरून पुढं येत होता. "ठेव खाली!" मी ओरडले. ती दचकली आणि तिनं ते गवत मांडीवर घेतलं. मग ती रडायला लागली. आवाज न करता, पदर तोंडाशी धरून. माझ्या डोळ्यांसमोर माझी आई रडत होती आणि मी हात लांब करून तिला जवळ घेऊ शकत नव्हते. मी तिला म्हणत राहिले की आता भाऊ येतो, मग घरी जाऊ, घरी दूध आहे, भाकर आहे. कोणता भाऊ, कोणतं घर, हे तिला विचारायचं नव्हतं. ती मान हलवत होती. दोन्ही मोटरी चालूच होत्या. पाणी कुठंतरी पडत होतं, गव्हासाठी ओलित सुरू केलेल्या कुणाच्या तरी वावरात. मी एवढा नकोसा आवाज दुसरा ऐकला नाही.

मग एकदम दोन्ही मोटरी बंद पडल्या.

इतकं शांत झालं की मावशीनं डोळे उघडले. माझा फोन वाजला. भाऊ होता. "काढले," तो म्हणाला. त्याला धाप लागली होती. "तीनही काढले. माय सापडली का?"

"समोर आहे. तारेपलीकडं बसली आहे."

तो म्हणाला, "तू लावू नोको हात. मी येतो. वाळली काठी पाह्यतो पहिले."

तो येईपर्यंत मी तारेकडे बघत उभी होते. बंद झाली हे माहीत असूनही. भाऊ आला, त्यानं गाडी धुऱ्यावरच टाकली आणि वाळल्या बांबूनं आधी वरची तार खुंटीवरून उपटून खाली दाबली, मग खालची. दोन्ही तारांवर बांबू आडवा धरून त्यावर तो उभा राहिला. "आता ये, माय," तो म्हणाला. ती माझ्याकडे बघत होती, परवानगीसाठी. मी म्हटलं, "ऊठ. ये." तेव्हा ती उठली आणि बांबूवर पाय ठेवून अलीकडे आली.

मी तिला धरलं तेव्हा ती गरम होती, घामेजलेली होती, तिच्या पोटरीवर लांब ओरखडा होता आणि त्यातलं रक्त वाळलं होतं. मी तिला सोडेना. मावशी म्हणाली, "सोड व, तिले पाणी तं पिऊ दे."

शेजारी थोड्या वेळानं आला. बायकोनं त्याला फोन करून सांगितलं होतं. गाडी स्टँडवर लावायचंही त्याला सुचलं नाही, ती तशीच आडवी पडू दिली. भाऊ त्याच्या अंगावर धावून गेला. मी आणि वहिनी मध्ये पडलो. पण तो भांडायला उभा राहिलाच नाही. तो पेटीकडे गेला, कुलूप काढलं, आत बघितलं आणि परत येऊन धुऱ्यावर बसला.

"आटो आहे त्याले," तो म्हणाला. "लायन आली का आपोआप चालू होते. मी घरी असलो काय अन् नसलो काय." मग म्हणाला, "माही पोरगीही येते अथी. रोज. जनावरं घेऊन."

भाऊ त्याला काही बोलणार होता, तेवढ्यात मायच मध्ये बोलली. पाणी पिऊन ती भानावर आली होती, निदान थोडी. तिनं शेजाऱ्याच्या बापाचं नाव घेतलं, तू त्याचा ना, असं विचारलं, आणि म्हणाली, "जेवला का?" तो मान खाली घालून हो म्हणाला. मला वाटतं तो जेवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं सगळ्या तारा गुंडाळून बैलगाडीत टाकल्या. भाऊ जाऊन खुंट्या उपटायला लागला. नंतर दिवाळीच्या सुमारास त्यानं पुन्हा तार लावली, पण झटका मशीनवर, असं भाऊ सांगतो. भावानं स्वतः हात लावून बघितलं. गावातल्या बाकीच्यांनी काय लावलं आहे, ते त्याला माहीत नाही. मला ते ऐकूनही भीती वाटते. कारण तार असलेलं ते एकटंच वावर नव्हतं, त्या भागात अशी बरीच होती.

मी आणि माय दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं निघालो. वहिनीनं ओरखड्यावर हळद लावून दिली होती. भावानं खूप म्हटलं, दोन दिवस राहा. मी राहिले नाही. तो नाराज झाला, पण त्यानं ओढून धरलं नाही. गाडीत बसवताना त्यानं मायच्या पायाला हात लावला आणि बराच वेळ तसाच राहिला. कंडक्टरनं घंटी मारली तेव्हा खाली उतरला.

माय आदल्या दिवशीचं काहीच बोलली नाही. मला वाटतं तिला आठवत नव्हतं. मला मात्र गाडी हलली तरी हात सोडता येईना. माझा उजवा हात तिच्या मनगटाभोवती होता. नेर मागं पडल्यावर तिनं माझ्याकडे वळून बघितलं. फार आपुलकीनं, अनोळखी बाईकडे बघावं तसं.

"बाई, तुमचा हात लई थंड आहे," ती म्हणाली. "भेता का गाडीले?"

"हो," मी म्हटलं.

तिनं तिचा दुसरा हात माझ्या हातावर ठेवला. "भेऊ नका," ती म्हणाली. "मी आहे ना. तुम्हाले कुठी उतरायचं आहे?"

"तुमच्यासंगंच," मी म्हटलं.

ते तिला पटलं. ती पुन्हा खिडकीकडे वळली. मी मात्र यवतमाळ येईपर्यंत खिडकीबाहेर बघितलं नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुरी होत्या आणि त्यांच्यापुढं धुऱ्याधुऱ्यावर खुंट्या.